जंत दिसतो कसा?

१

सुनेने मिरगी लपवून लग्न केले, असा आरोप होता. तो नवऱ्याच्या वकिलाच्या नोटिशीत होता म्हणून भाषा सभ्य होती. घरात तोच आरोप याहून कमी शब्दांत होत असे.

सुट्टीच्या दिवशी सगळे घर दुपारी जेवायला बसले होते. सुनेच्या हातातली वाटी निसटली, डावा हात आपोआप झटके देऊ लागला आणि ती खुर्चीवरून खाली कोसळली. सासूबाईंनी रुग्णवाहिकेच्या आधी मुलाला हाक मारली. “बघ,” त्या म्हणाल्या, “काय बांधलंय आपल्या गळ्यात.”

रुग्णालयात मेंदूचे चित्र काढले गेले. त्यात वाटाण्याएवढ्या गाठी होत्या. काहींत एकेक बारीक ठिपका दिसत होता, म्हणजे त्या जिवंत होत्या. काही मरू घातल्या होत्या आणि त्यांच्याभोवती सूज चढली होती. मिरगी होती खरी, पण तिचे कारण आईबापांकडून आलेले नव्हते. ते तोंडावाटे आले होते.

अशा वेळी मला बोलावतात. मी परजीवीतज्ज्ञ आहे, म्हणजे विष्ठा तपासते. पहिला शब्द ऐकून लोक हात पुढे करतात आणि ‘विष्ठा’ ऐकून मागे घेतात.

“गाठींचं मी बघतो,” मेंदूचे डॉक्टर म्हणाले. “पण ज्याच्याकडून त्या आल्या तो त्या घरात आरामात बसलेला असेल, तर ही बाई बरी होऊन घरी जाईल आणि पुन्हा माझ्या माथी येईल. तो माणूस शोधा. आणि शोधताना मला फोन करू नका.”

सून खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. ती नकाशे काढण्याच्या कचेरीत दुपारपर्यंत काम करी. बोटांवर अजून शाईचे डाग होते.

“मांस खाल्लंय कधी?” मी विचारले.

“अंडंसुद्धा नाही. माहेरी नाही आणि सासरी तर नाहीच नाही. सासरे शाकाहार मंडळाचे अध्यक्ष आहेत. पण आता सगळे म्हणतायत, हिनं चोरून खाल्लं असणार. त्याशिवाय डोक्यात जंत जातात का?”

“चोरून खाल्लं असतंस, तर जंत तुझ्या पोटात असता.”

“म्हणजे?” तिने विचारले. ही गोष्ट मी अनेक डॉक्टरांनाही समजावली आहे, तेव्हा तिच्यावर उपकार केले असे नाही.

“कच्चं राहिलेलं डुकराचं मांस जो खातो, त्याच्या आतड्यात तो जंत वाढतो. त्याला फारसं काही होत नाही, कधी पोट दुखतं इतकंच. पण त्या जंताची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. तो माणूस हात नीट धूत नसेल, तर ती नखांत राहतात. त्या हातानं दिलेलं जो खाईल, त्याच्या मेंदूत गाठी होतात. खाल्लं एकानं, भोगलंस तू.”

“म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी पोटात…”

“बहुतेक. कुणाच्या, ते माहीत नाही.”

ती रडली नाही. पांघरुणाची किनार मात्र तिने मुठीत धरली. “माझी मुलगी तिथं आहे. चिमणी. चार वर्षांची. नोटीस आल्यापासून मला भेटू देत नाहीत. म्हणतात, झटके येणाऱ्या बाईच्या हाती पोर द्यायची नाही, कोर्टातही हेच सांगू. तिला काही झालं तर?”

“तिला सांभाळतं कोण?”

“सासरे. तेवढंच एक बरंय. त्या घरात माझ्याशी माणसासारखं बोलणारे ते एकटेच. मी कचेरीतून आले की संत्रं सोलून द्यायचे. एकेक फोड, पांढऱ्या शिरा काढून. माझ्या बापानं कधी माझे इतके लाड केले नाहीत.”

“आणि नोटीस? ती झटक्यानंतर लगेच आली?”

“छे. त्यानंतर तर हे रोज फुलं घेऊन यायचे. मग डॉक्टरांनी यांना सांगितलं, की जंत घरातल्याच कुणाकडून आला असेल, सगळ्यांची तपासणी करा. त्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस.”

झटक्याने त्या घरात कुणी घाबरले नव्हते. घाबरवले होते त्या एका वाक्याने.

२

घर दुमजली होते आणि बैठकीतल्या कोचांवर अजून दुकानातले प्लॅस्टिक होते. नाती मी सुनेच्या बाजूने सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. घरात सासू, सासरे, नवरा, एक बिनलग्नाची नणंद आणि दिवसभर राबणारी स्वयंपाकीण अशी पाच मोठी माणसे होती. शिवाय चिमणी.

“या, तपासा,” सासूबाई दारातच म्हणाल्या. “आमचं घर आरशासारखं आहे. तुमचा कागद कोर्टात आमच्याच कामाला येईल.”

“आई, लोहाची गोळी. आज पुन्हा विसरलीस,” नणंद आतून म्हणाली. तिचे कोपऱ्यावर औषधांचे दुकान होते आणि बोलणे दुकानातल्यासारखेच तुटक होते.

“नको ती. जीव मळमळतो.”

“रक्त भरायला लागलं की कळेल मळमळ.”

सासूबाईंनी गोळी गिळली आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू ती मीच दिली होती.

मी प्रत्येकाला एकांतात एकच प्रश्न विचारायचे ठरवले होते. ‘जंत झालेत का’ या प्रश्नाला माणसे खोटे बोलतात. ‘जंत दिसतो कसा’ याला सहसा बोलत नाहीत, कारण त्यात अब्रू जाण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नाही. मराठीत पोटातल्या सगळ्या प्राण्यांना एकच शब्द आहे. ज्याने जो पाहिला असेल, तोच त्याच्या डोळ्यांपुढे येतो.

“गांडुळासारखा,” स्वयंपाकीण पातेले घासता घासता म्हणाली. “वीतभर. मोठ्या पोराच्या पोटातून पडला होता, तेव्हा बघितलाय की. तुम्ही माझ्यावरच ढकलायला आलात ना? ढकला. यांच्या घरात दूध उतू गेलं तरी ते माझ्याच नावावर जातं.”

“हात कशानं धुता?”

“पाण्यानं. मागच्या संडासात साबण ठेवतंय कोण? मालकीणबाई म्हणतात, तुला साबण कशाला. आणि सर परगावाहून पोट धरून येतात, त्यांना मात्र एरंडेलाची अख्खी बाटली! मध्यंतरी दोन दिवस माणूस संडासातून बाहेर नव्हता, आणि वरचा संडास बाईसाहेब स्वतः धूत होत्या. जन्मात कधी झाडू धरला नाही हो त्यांनी!”

सर म्हणजे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना सरच म्हणे.

नवऱ्याने घड्याळ पाहत उत्तर दिले. “पांढरे दोरे. बारीक. लहानपणी मला झाले होते, रात्रभर खाज सुटायची. हे विचारून काय मिळतं तुम्हाला?”

“बायकोला भेटायला जाता का?”

“वकिलांनी ‘नको’ सांगितलंय.”

“वकिलांनी जेवायला सांगितलं का?”

तो उठून गेला.

नणंद म्हणाली, “गिऱ्हाईक जंताचं औषध मागतं, मी देते. खोक्यावर गुंडाळी काढलेली असते, गोल. तशीच माझ्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बघण्याची हौस नाही.”

सासूबाईंना मी तोच प्रश्न केला. त्या ताडकन म्हणाल्या, “आमच्या घरात कुणाच्या पोटात असली पट्टीबिट्टी नाही.”

“मी फक्त विचारलं, दिसतो कसा.”

“आणि मी सांगतेय, नाही! जिच्या डोक्यात निघाले तिला विचारा. तिच्या आईबापांना विचारा, काय खाऊ घालून वाढवली.”

सर वरच्या खोलीत होते. चिमणी त्यांच्या चष्म्याच्या घराशी खेळत होती. “मी जंत पाहिलेला नाही,” ते शांतपणे म्हणाले, “तेव्हा वर्णन करणं अशास्त्रीय ठरेल.” त्या दिवसात मला मिळालेले हे एकमेव सभ्य उत्तर होते. त्यांनी समोरच्या बशीतून सोललेली फोड पुढे केली. “घ्या. सगळ्यांशी डोकं लावून घसा सुकला असेल.”

“मी दुसऱ्यानं सोललेलं खात नाही. धंद्याची सवय.”

“चांगली सवय आहे,” ते हसले. “माझं मत विचाराल तर सुनेवर अन्याय होतोय. पण या घरात माझं मत व्याख्यानापुरतंच चालतं. आणि ती व्याख्यानं परगावी असतात.”

निघण्यापूर्वी मी तिन्ही संडास पाहिले. मागच्यात साबण नव्हताच. खालचा नवरा आणि नणंद वापरत, तिथली वडी झिजून पातळ झाली होती. वरचा सासू-सासऱ्यांचा. तिथल्या बेसिनवर दोन वड्या होत्या. आरशाच्या डाव्या बाजूची मऊ, बोटांचे खळगे पडलेली. उजव्या बाजूची कोरडी, तडकलेली, आणि तिच्यावर कंपनीचे नाव अजून स्वच्छ वाचता येत होते. तिच्या शेजारी दाढीचा ब्रश होता.

मी नमुन्यांसाठी पाच डब्या देऊन आले. त्यांतली एक आपला खरा मालक सांगणार नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी नणंदेने पिशवी माझ्या टेबलावर आदळली. “घ्या. पाच रत्नं.”

पहिल्याच दिवशी स्वयंपाकिणीच्या नमुन्यात गोल जंताची अंडी सापडली. मी ते फक्त तिला सांगितले आणि औषध लिहून दिले. तिने ते कुठून घ्यावे? नणंदेच्या दुकानातून. संध्याकाळच्या आत तिची नोकरी गेली आणि नवऱ्याचा मला फोन आला.

“सापडला ना चोर! आमच्या वकिलांना लेखी हवंय. स्वयंपाकीण आमची नाही, हिच्या माहेरून आलेली आहे. म्हणजे रोगसुद्धा माहेरचाच.”

“चुकीचा जंत आहे,” मी म्हटले.

“म्हणजे?”

“तिच्या पोटातला जंत मेंदूत असल्या गाठी करत नाही. शिवाय त्याची अंडी आधी मातीत कितीतरी दिवस पिकावी लागतात. ताजी अंडी हातावरून पोटात गेली तरी त्यातून काही होत नाही. तिनं तुमच्या बायकोला काहीही दिलेलं नाही.”

“मॅडम, जंत तो जंत!”

“याला साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. तुमची भुई धोपटून झाली. साप घरातच आहे, तुमच्या मुलीपाशी.”

त्याने फोन ठेवला. मला वाटले रागाने. नंतर कळले, तो त्या वाक्यापाशी बराच वेळ बसून राहिला होता.

उरलेल्या चार डब्यांत मला हवी असलेली अंडी नव्हती. यावर दुसरा कुणी ‘घर निर्दोष’ असे लिहून मोकळा झाला असता. हा जंत रोज सारखी अंडी टाकत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो अनेकदा निसटतो. म्हणून मी ‘नाही’ असे कधीच लिहीत नाही, ‘आढळले नाही’ असे लिहिते. या दोन शब्दांच्या फरकावर माझा धंदा चालतो.

पण त्या चारांतल्या दोन डब्यांनी माझे लक्ष वेधून घेतले, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला नाही. दोन्ही नमुने काळे होते. हिरवट छटा असलेला, डांबरासारखा तोच काळा. एका डबीवर सासूबाईंचे नाव होते आणि दुसऱ्या डबीवर सरांचे.

आतड्यात रक्त उतरले तरी विष्ठा काळी होते. ती शक्यता मी तपासून पाहिली. रक्त नव्हते. मग मी दोन्हींचे थेंब काचेवर घेतले. दोन्हींत एकच निरुपद्रवी अमीबा होता, सारखाच विरळ. नवराबायको एका घरात अमीबा वाटून घेतात, त्यामुळे हा पुरावा मी बाजूला ठेवला. रंग मात्र बाजूला ठेवता येत नव्हता.

डब्या पाच होत्या. माणसे चार होती.

४

दुपारी मी नणंदेला प्रयोगशाळेत बोलावले. ती आली ती भांडायच्या तयारीनेच.

“पिशवी मी आणली म्हणून फेरफार मीच केला, असंच ना? बोला.”

“ती शक्यता आहे. तुम्हाला औषधं कळतात, आणि डब्या तुमच्या हातून आल्या.”

“मला औषधं कळतात म्हणूनच सांगते, मला फेरफार करायचा असता तर तुम्हाला कळला नसता.”

उद्धट असले तरी उत्तर तर्कशुद्ध होते. मी पुढे गेले.

“लोहाच्या गोळ्या घरात कोण घेतं?”

“आई.”

“अजून?”

“कुणी नाही. दुकानातून मीच आणते, मोजून.”

“सरांना कधी दिल्या?”

“बाबांचं रक्त माझ्यापेक्षा लालभडक आहे. का?”

मी दोन्ही डब्या तिच्यापुढे सरकवल्या. औषधविक्रेतीला लोहाचा रंग शिकवावा लागत नाही. तिने नावे वाचली, झाकणे पाहिली, पुन्हा नावे वाचली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“आमच्या दोघांच्या डब्या आम्ही दिल्या. स्वयंपाकिणीची तिनं दिली. या वरच्या मजल्यावरच्या दोन… आईनं खाली आणून दिल्या. दोन्ही.”

“म्हणजे सरांची डबी अजून आलेलीच नाही.”

“आई असं का करेल? तिला काय माहीत कुणाच्या पोटात काय आहे ते? तुम्ही तर कुठला जंत, ते कुणालाच सांगितलं नव्हतंत. मी आईला विचारलं होतं. म्हणाली, ‘ती बाई नुसतं जंत जंत करत होती.’”

“बरोबर. मी नुसतं जंत म्हणाले. स्वयंपाकिणीला गांडूळ आठवलं, तुमच्या भावाला दोरे, तुम्हाला खोक्यावरचं चित्र. तुमची आई म्हणाली, पट्टी. गोल जंत गांडुळासारखा असतो, खाजेचे जंत दोऱ्यासारखे. पट्टीसारखा चपटा, कप्प्याकप्प्यांचा जंत एकाच प्रकारचा असतो, आणि तो न बघता कुणाला आठवत नाही.”

ती डब्यांकडे बघत होती. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि ती ताडकन उभी राहिली.

“मॅडम, उठा.”

“काय झालं?”

“वहिनी नाही, तर आता बाबा चिमणीला सोलून देतात. संत्रं. याच वेळेला.”

५

दार स्वयंपाकिणीने उघडले. ती आपला डबा आणि चपला न्यायला आली होती आणि त्या निमित्ताने सासूबाईंचे नि तिचे हिशेब चालले होते, तोंडी. नवरा कोचाच्या प्लॅस्टिकवर बसला होता. खिडकीपाशी सर होते, मांडीवर चिमणी. उजव्या अंगठ्याचे लांब राखलेले नख त्यांनी नुकतेच सालीत खुपसले होते.

“सर, संत्रं खाली ठेवा,” मी म्हटले.

“बाबा, ठेवा म्हणतेय ना!” नणंद किंचाळली आणि तिने पोरीला ओढून घेतले. चिमणी रडू लागली. कुणाच्या तरी कडेवर जाण्यासाठी तिने हात पसरले, पण ते माणूस घरात नव्हते.

“हा काय तमाशा!” सासूबाई म्हणाल्या.

“तमाशा थोडक्यात आटोपते,” मी म्हणाले. “सुनेला मांस खाऊन रोग झाला, असं सगळे धरून चालले होते. म्हणून सगळे खाणारा शोधत होते. शोधायला हवा होता भरवणारा. या घरात सगळे जण तेच शिजवलेलं, गरम जेवतात. त्यातून रोग झाला असता तर एकाच माणसाला का? सुनेच्या तोंडात असं काहीतरी गेलं पाहिजे, जे कच्चं होतं, दुसऱ्याच्या बोटांतून आलं होतं आणि बाकी कुणाला मिळत नव्हतं.”

“माझ्या संत्र्यांबद्दल बोलताय?” सर म्हणाले. आवाज अजून मुख्याध्यापकाचा होता. “मी चाळीस वर्षं मांसाहाराविरुद्ध बोलतोय.”

“परगावी बोलता. तिथून येताना पोट धरून येता, असं स्वयंपाकघरात माहीत आहे. कुणाकडे, काय खाता, त्याच्याशी मला कर्तव्य नाही. तुमच्या बेसिनवर दाढीच्या ब्रशाशेजारची साबणाची वडी कोरडी आहे, तिच्यावरचं नावही पुसलेलं नाही. तिच्याशी मात्र मला कर्तव्य आहे.”

“मी पाण्यानं धुतो. स्वच्छ, वाहत्या पाण्यानं.”

“अंडी चिकट असतात, आणि तुमचं नख लांब आहे.”

नवरा उभा राहिला होता. “पुरावा काय? बाबांच्या डबीत काही सापडलं नाही, तुम्हीच सांगितलंत.”

“तुमच्या बाबांची डबी माझ्याकडे नाहीच. दोन्ही डब्या आईच्या आहेत. लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईची विष्ठा काळी होते. आणि तिच्या नवऱ्याची होत नाही, लग्नाला कितीही वर्षं झाली तरी.”

स्वयंपाकीण दारातून हसली. तिला कुणी गप्प केले नाही.

“आई?” नवरा म्हणाला.

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. मी पुष्कळ खोटे बोलणारी माणसे पाहिली आहेत. खोटे संपले की बहुतेकांचे खांदे पडतात. यांचे ताठ झाले.

“हो, माझी. दोन्ही माझ्या. काय करणार होते? शाकाहार मंडळाचा अध्यक्ष, सगळ्या गावात मान, आणि पोटात डुकराचा किडा! त्या डॉक्टरनं सांगितलं, घरातल्या सगळ्यांना तपासा. मी आधी पाहिलं होतं, म्हणून त्याच रात्री ओळखलं. सून आधीच आजारी होती असं ठरलं असतं, तर कुणी घरात डोकावलं नसतं. एकीचं नाव गेलं असतं. घराचं राहिलं असतं.”

“तिचं नाव आणि तिची पोर,” नणंद म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस! आणि मी काय पोरीला विष दिलं? ते केव्हाच संपलं होतं! मी एरंडेल दिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, वावभर, दोन हात पसरावेत एवढी, पट्टी पडली. संडास मी या हातांनी धुतला. तुमच्याआधी मी यांना बरं केलंय!”

“डोकं पाहिलंत?”

“काय?”

“त्या पट्टीला एका टोकाला डोकं असतं. टाचणीच्या माथ्याएवढं. ते आतड्याला आकड्यांनी धरून बसतं. पट्टी तुटून पडते आणि डोकं राहिलं तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेवढीच पट्टी वाढते. रेचकानं सहसा तेच होतं. तुम्ही शेपूट झाडून काढलीत. डोकं पाहिलंत का?”

सासूबाईंनी हळूहळू चिमणीकडे पाहिले. पोरीच्या हनुवटीवर रस सुकलेला होता.

“आज किती फोडी दिल्या?” नणंदेने बापाला विचारले.

“आज अजून एकही नाही,” सर म्हणाले. “तो रस कालचा असेल.” मग ते अंगठ्याकडे बघत बोलू लागले, आणि आता तो आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता. “मला वाटलं, माझं पाप माझ्या पोटात. ते दुसऱ्याच्या डोक्यात कसं जाईल? डबी हिनं माझ्या हातातून घेतली. म्हणाली, तुम्ही गप्प बसा. मी बसलो. मला फक्त गप्प बसायचं होतं हो, बाकी काही नाही.”

“तेवढंच पुरलं,” मी म्हटले.

नवरा जाग्यावरून हलला. मला वाटले तो बापावर धावून जाणार. तो बेसिनपाशी गेला, साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, परत आला आणि मुलीला बहिणीकडून घेतले. “चपला घाल,” तो तिला म्हणाला. “आईकडे जायचंय.”

“वकिलांना विचारलंस?” सासूबाई म्हणाल्या.

तो चिमणीचा हात धरून दाराकडे निघाला. स्वयंपाकिणीने वाट दिली.

६

सरांना औषध मी माझ्यासमोर दिले, आणि त्यानंतरचे सगळे गाळून पाहिले. हे काम कसे करतात ते मी इथे सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगण्याची गरज नाही आणि बाकीच्यांना जेवायचे असते. चाळणीच्या तळाशी एक पांढरा कण मिळाला. भिंगाखाली त्याला चार चूषके, म्हणजे चिकटून बसायच्या वाट्या, होत्या आणि माथ्यावर आकड्यांचे दुहेरी कडे. डुकराच्या मांसातला जंत आपल्या डोक्यावरून ओळखू येतो, माणसासारखा नाही.

सरांच्या मेंदूचेही चित्र काढले. त्यात एक जुनी, खडूसारखी कडक झालेली, विझलेली गाठ निघाली. त्यांनी स्वतःच्याच हातून कधीतरी स्वतःला भरवले होते. झटका त्यांना कधी आला नव्हता. न्याय ही जीवशास्त्राची शाखा नाही.

मी अहवाल लिहिला. सुनेला रोग लग्नानंतर त्या घरातच लागला हे मी सिद्ध केले नाही. गाठींवर तारीख नसते. मी इतकेच लिहिले, की त्याच जातीचा जिवंत जंत घरातल्या एका माणसात सापडला, तो माणूस तिला रोज स्वतःच्या बोटांनी कच्चे फळ भरवत असे, आणि त्याची तपासणी जाणूनबुजून चुकवली गेली. नोटीस मागे घेतली गेली. सासूबाईंचा मला एक फोन आला. “कागदात पट्टीचा उल्लेख गाळता येईल का?” त्यांनी विचारले. साबणाच्या वड्या तिन्ही संडासांत ठेवल्यात का, असे मी विचारले. फोन बंद झाला.

चिमणीचे रक्त आणि मेंदू दोन्ही तपासले. ‘आढळले नाही’ असे मी लिहिले.

“म्हणजे नाही ना?” सुनेने विचारले. ती आता माहेरच्या शहरात दोन खोल्यांत राहत होती. गाठी विरत होत्या आणि झटके थांबले होते. नवरा रविवारी येई, जेवून परत जाई. राहा असे तिने अजून म्हटले नव्हते.

“म्हणजे आढळले नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

“तुम्ही कधीच सरळ ‘नाही’ म्हणत नाही का हो?”

“मी म्हणाले असते, तर तुझ्या सासऱ्यांची डबी निर्दोष ठरली असती.”

ती थोडी हसली. मग म्हणाली, “मला राग सगळ्यांचा येतो. त्यांचाही येतो. पण दुपार झाली की आधी त्यांची आठवण येते आणि राग मागून येतो. त्याला काही औषध आहे?”

नाही, असे मी सरळ म्हणू शकले असते.

चिमणी आतून संत्रे घेऊन आली आणि तिने ते आईच्या मांडीवर ठेवले. सून उठली, मोरीवर गेली. साबण लावला, नखांत घातला, तळवे घासले, पुन्हा साबण लावला. मग येऊन बसली, संत्रे सोलले आणि पहिली फोड पुढे केली.

पोरीने ती परत केली. “आजोबा शिरा काढून द्यायचे.”

सुनेने फोड उजेडात धरली. पांढऱ्या शिरांची जाळी नीट दिसत होती. तिचे नख एका शिरेपाशी गेले आणि थांबले.

“शिरांसकट खा,” ती म्हणाली. “गोडच लागतं.”